काल तर चालत होतं!

आमच्या ब्रँचचं ब्रीदवाक्य कोणतं असं कुणी विचारलं, तर मी डोळे झाकून सांगेन, ‘काल तर चालत होतं!’ प्रॅक्टिकलला, सबमिशनला, प्रोजेक्टच्या डेमोला... हे वाक्य कानावर पडलं नाही असा एकही दिवस आमच्या लॅबमध्ये उगवत नाही. त्याच्या मागोमाग दुसरं वाक्य ठरलेलं, ‘मी तर काहीच बदललं नाही!’ आणि गंमत म्हणजे दोन्ही वाक्यं बोलणारा बहुतेक वेळा खोटं बोलत नसतो. काल खरंच चालत होतं. त्याच्या मते त्याने खरंच काही बदललेलं नसतं. मग आज पडतं ते कशाने?

मेकॅनिकल-सिव्हिलच्या मित्रांनी इथेच पान उलटू नये. तुमच्या कामाचं पण पुढे आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ. आम्ही प्रोग्राम लिहितो तसं त्याला तपासणारे छोटे छोटे प्रोग्रामही लिहितो. त्यांना टेस्ट म्हणायचं. अमुक दिलं तर तमुक आलं पाहिजे, एवढंच त्यात असतं. आता टेस्ट फेल होणं आणि टेस्ट क्रॅश होणं यात फरक आहे, तोही मोठा. फेल म्हणजे पेपर तपासला आणि मार्क कमी पडले. क्रॅश म्हणजे तेविसाव्या नंबरचा विद्यार्थी पेपर लिहिता लिहिता चक्कर येऊन पडला आणि त्याच्यासोबत आख्खी परीक्षाच बंद झाली! मागच्या बाकांवरच्या पस्तीस जणांना काय येत होतं आणि काय नव्हतं, कुणालाच कळलं नाही. फेल झालेली टेस्ट निदान सांगते तरी, ‘मला ४२ पाहिजे होते, ३९ आले.’ क्रॅश झालेली टेस्ट काही म्हणजे काही सांगत नाही. स्क्रीनवर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढं येतं आणि कर्सर गप लुकलुकत बसतो.

हे सगळं आमच्या ग्रुपला २०२४ च्या जुलैमध्ये चांगलं समजलं.

होस्टेलच्या ऑफिसबाहेर जो पाण्याचा स्क्रीन लावलाय तो सगळ्यांनी बघितलेला आहे. पावसाळ्यात रोज निघणाऱ्या पूरपत्रकातला मजकूर त्यात टाकला, की राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा किती फुटांवर आहे, इशारा पातळीला (३९ फूट) किती उरलं, धोका पातळीला (४३ फूट) किती उरलं, राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, कोणते बंधारे पाण्याखाली गेले, हे सगळं मोठ्या अक्षरात दिसतं. बाहेरच्या माणसाला हा पोरखेळ वाटेल. पण २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी बघितलाय त्यांना विचारा. दोन्ही वेळेला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. घरी जायचं की होस्टेलवरच थांबायचं, हा निर्णय पोरं या आकड्यांवरच घेतात. शिरोळ, हातकणंगले, करवीरकडच्या पोरांना तर घरच्यांना फोनवर काय सांगायचं हेसुद्धा त्यावरूनच ठरवावं लागतं.

हा प्रोग्राम आमचा नाही. आमच्या आधीच्या एका बॅचने लिहिला आणि वारसाहक्काने मिनी प्रोजेक्ट म्हणून आमच्या गळ्यात पडला. आम्ही चौघं. नावं कशाला लिहू, होस्टेलवर गावावरूनच ओळखतात सगळ्यांना. एक शिरोळकर, एक गडहिंग्लजकर, एक आजऱ्याची मॅडम आणि निपाणीचा मी. त्या पावसाळ्यासाठी आम्ही एक नवीन गोष्ट जोडणार होतो. पाणी ३९ फुटांवर गेलं की होस्टेलच्या सगळ्यांना आपोआप मेसेज जाईल. रेक्टर सरांना आम्ही शब्द दिला होता, शुक्रवारी संध्याकाळी चालू करतो म्हणून.

तो शुक्रवार होता १९ जुलै २०२४. बाहेर धो धो पाऊस, नदी रोज चढत होती. नवीन प्रोग्राम स्क्रीनवर चढवायच्या आधी लॅबच्या मशीनवर एकदा सगळ्या टेस्ट चालवायच्या ठरल्या. एकूण ५८ टेस्ट. बावीस गेल्या, तेविसाव्याला सेगमेंटेशन फॉल्ट.

तेविसावी टेस्ट म्हणजे २०१९ च्या महापुरातलं एका दिवसाचं आख्खं पत्रक. ते जसंच्या तसं प्रोग्रामला खायला घालायचं आणि सगळे बंधारे नीट वाचले जातात का बघायचं.

पहिली सूचना गडहिंग्लजकराची. “अरे, महापुराची टेस्ट हाय ती. आत्ता कुठं महापूर आलाय? बंद कर तेवढी आणि दे चढवून. सोमवारी बघू.”

हसू नका. हे वाक्य जगातल्या प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत रोज कुणीतरी म्हणत असणार. आणि ते मूर्खपणाचं पण नाही. घड्याळ पळत असतं, शब्द दिलेला असतो, ५८ मधल्या ५७ बऱ्या असतील असं मन सांगत असतं. त्याने ती टेस्ट बंद करून बघितली. एकतिसाव्याला परत फॉल्ट. ते २०२१ चं पत्रक. “ती पण बंद कर,” तो म्हणाला. दोन्ही बंद केल्यावर गाडी शेवटपर्यंत गेली. आता क्रॅश कुठंच दिसत नव्हता. पण ज्या दिवसांसाठी हा स्क्रीन लावलाय, नेमके तेच दोन दिवस आम्ही तपासणीतून काढून टाकले होते!

मी म्हणालो, चढवायचं नाही. जुना प्रोग्राम स्क्रीनवर चालतोय तो चालू राहू दे. मेसेज रात्री जाईल नाहीतर उद्या जाईल. रेक्टर सरांना जाऊन तसं सांगितलंही. सर म्हणाले, “उशीर झाला तरी चालेल, चुकीचं दाखवू नका.” सुटलो.

आता प्रश्न दुसरा. बिघाड आला कुठून? सुट्टीनंतर आम्ही सगळ्यांनी मिळून ४१ बदल केले होते. आमच्या भाषेत त्यांना कमिट म्हणतात. प्रत्येक कमिटला नंबर असतो, कुणी केला, कधी केला, कोणत्या ओळी बदलल्या, सगळी नोंद असते. माझे वडील कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीत आहेत. त्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे हीट नंबर की रे!” बरोबर तेच. भट्टीतून ओतलेल्या प्रत्येक घाण्याला नंबर असतो, तो कास्टिंगवर उमटवलेला असतो. पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाकडून माल रिजेक्ट होऊन परत आला, तरी त्या नंबरावरून त्या दिवशी काय वितळवलं, कुणी ओतलं हे निघतं. त्यांनी आणखी एक सांगितलं. त्यांच्याकडं एकदा कास्टिंगमध्ये ब्लो होल यायला लागले. पहिली गोष्ट काय केली, तर कालचं जे सँडचं मिश्रण चांगलं होतं त्यावर काम परत नेलं, म्हणजे माल निघणं थांबलं नाही. कारण नंतर शोधलं. आणि सगळे ज्याच्याकडं बोट दाखवत होते तो नवीन मोल्डर त्यात कुठंच नव्हता. सँडमध्ये ओल जास्त होती.

आमच्याकडं पण बोट दाखवायला माणूस तयारच होता. शिरोळकर! त्याने दोनच दिवस आधी बंधाऱ्यांची नावं क्रमाने लावायचा भाग नव्याने लिहिला होता. दोनशे ओळींचा बदल. कमिट नंबर ३८. गडहिंग्लजकर म्हणाला, “दुसरं काय असणार मर्दा? एवढं मोठं ह्यानंच केलंय.” शिरोळकर तापला. “माझ्याकडं चालतंय!” हे आमच्या ब्रँचचं तिसरं वाक्य, ते वर सांगायचं राहिलं. आवाज चढले. शेजारच्या बॅचची पोरं टायपिंग थांबवून ऐकायला लागली.

मला भांडणात काडीचा रस नव्हता, कारण हे भांडून ठरवायची गरजच नसते. गिट नावाचं जे सॉफ्टवेअर ह्या नोंदी ठेवतं त्यात बायसेक्ट म्हणून एक सोय आहे. ती म्हणजे काय, तर घरातली लाइट गेली की वायरमन करतो तेच. सुरुवातीला करंट आहे, शेवटी नाही. मग तो सगळी वायर उकरत बसत नाही, मधोमध टेस्टर लावतो. तिथं करंट असेल तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. परत त्याच्या मधोमध. ४१ कमिट असोत, पाच-सहा वेळा टेस्टर लावला की काम झालं. हजार असते तरी दहाच वेळा लागला असता. निम्मं करत जाण्याची ताकद डेटा स्ट्रक्चरच्या तासाला फळ्यावर बघितली होती, पण त्या संध्याकाळी ती पहिल्यांदा कामाला आली.

बंद केलेल्या दोन्ही टेस्ट परत चालू केल्या. विसाव्या कमिटपर्यंतचा प्रोग्राम बांधला, टेस्ट चालवल्या, पास. तिसावा, पास. पस्तिसावा, सेगमेंटेशन फॉल्ट! इथंच शिरोळकर निर्दोष सुटला. त्याचा बदल ३८ वा, आणि गाडी ३५ लाच पडत होती. जे अजून लिहिलंच गेलं नव्हतं त्याने प्रोग्राम पडेल कसा? त्याने खुर्चीवर बसल्या बसल्या शर्टाची कॉलर ताठ केली. पुढे बत्तिसावा, पास. तेहेतिसावा, फॉल्ट.

तेहेतिसावा कमिट उघडला. एका ओळीचा बदल. करणारी आजऱ्याची मॅडम. बदल काय? बंधाऱ्यांच्या जोडनावांमध्ये जो आखूड डॅश असतो तो काढून लांब डॅश घातला होता. स्क्रीनवर चांगला दिसतो म्हणून!

लॅबमध्ये एकदम हशा. ती बिचारी गोरीमोरी झाली. “मी फक्त डॅश बदललोय रे! टेस्ट पण चालवलोय, माझ्या लॅपटॉपवर सगळ्या पास झाल्यात!” तिने दाखवलं, खरंच पास होत होत्या. गडहिंग्लजकर म्हणाला, “तुझं ते बायसेक्ट गंडलंय. डॅशनं कधी प्रोग्राम पडतो होय?”

पडतो. इथे एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. आंद्रेआस झेलर नावाचे जर्मन संशोधक आहेत. त्यांनी १९९९ मध्ये एक पेपर लिहिला, आणि त्याचं नाव जवळजवळ आमचं ब्रीदवाक्यच आहे. काल माझा प्रोग्राम चालत होता, आज चालत नाही, का? त्यांच्याकडं डीडीडी नावाचा एक प्रोग्राम होता, तो जीडीबी नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामवर उभा. जीडीबीची ४.१६ आवृत्ती जाऊन ४.१७ आली आणि डीडीडी बिघडला. दोन आवृत्त्यांमध्ये १ लाख ७८ हजार ओळी बदललेल्या! माणसाने त्या वाचायच्या म्हटलं तर इंजिनिअरिंग संपेल. झेलर यांनी बदलांचे गट पाडून, निम्मे लावून, निम्मे काढून मशीनलाच शोधायला लावलं. शेवटी हातात एक ओळ उरली. त्या ओळीत काय होतं? माणसाला वाचायच्या एका संदेशात ‘आर्ग्युमेंट्स’ होतं, तिथं कुणीतरी ‘आर्ग्युमेंट लिस्ट’ केलं होतं. बस! डीडीडी तो संदेश वाचून पुढचं काम करायचा, आणि त्याला जुनाच शब्द पाहिजे होता.

तेव्हा दिसण्यासाठी केलेला बदल निरुपद्रवीच असतो हे विसरायचं. मोठा बदल बघून माणूस सावध तरी होतो. एका ओळीच्या बदलाला दारात कुणी अडवत नाही.

तर आम्ही काय केलं? तेवढा एक कमिट मागे घेतला. बाकीचे चाळीस तसेच ठेवले. यालाच रिव्हर्ट म्हणतात, आणि गिटमध्ये ते एका आज्ञेचं काम आहे. पण एका आज्ञेचं काम असलं तरी त्यात माणूस असतो. आजऱ्याच्या मॅडमचं तोंड एवढंसं झालं. आपण केलेलं काम सगळ्यांच्या देखत उलटं फिरवलं जातंय, यात कुणालाही अपमान वाटणारच. मी तिला म्हणालो की हा निकाल नाही, फक्त तारीख पडलीय. डॅश का पाडतो ते अजून कुणालाच माहीत नाही. आज रात्री स्क्रीन चालू झाला पाहिजे म्हणून तो तात्पुरता बाहेर. ती म्हणाली, “मग कारण मीच शोधणार.” मला वाटतं, त्या दिवशी आमच्या ग्रुपमध्ये झालेली सगळ्यात चांगली गोष्ट हीच.

रिव्हर्ट करून परत टेस्ट लावल्या. या वेळेला सगळ्या ५८ शेवटपर्यंत धावल्या. ५६ पास, दोन फेल! त्या दोन्ही ४० च्या पुढच्या, म्हणजे क्रॅशच्या आड लपलेल्या. आणि दोन्ही शिरोळकराच्या क्रमवारीच्या. मराठी मुळाक्षरांत ‘ळ’ येतो ‘ह’ च्या नंतर, पण कॉम्प्युटरच्या नंबरांत तो ‘ल’ च्या शेजारी बसलाय. याने नंबरानेच लावलं होतं. कॉलर हळूच खाली आली. पंधरा मिनिटांत त्याने ते नीट केलं. टेस्ट बंद करून चढवलं असतं तर या दोन्ही दिसल्या असत्या, हे खरं. पण पहिल्या फेरीत क्रॅश समोर असताना त्यांच्याकडं बघायला कुणाला सुचलं नव्हतं. साडेनऊला स्क्रीन चालू झाला, मेसेज सुरू झाले, मेसचं जेवण संपलं होतं. गडहिंग्लजकराने सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. रात्री साडेनऊला कुठं मिळाली ते विचारू नका.

आता खरा भाग. पाडतो का?

शनिवारी सकाळी आम्ही दोघं लॅबला. डॅशवाला प्रोग्राम मुद्दाम परत बांधला आणि डीबगरमध्ये चालवला. पडला त्या जागी थांबवून आतलं एकेक बघत गेलो. प्रोग्राममध्ये प्रत्येक बंधाऱ्याची एक नोंद असते. आधी बंधाऱ्याचं नाव, त्याच्या लगेच पुढं नदीचा नंबर. भोगावतीला एक, कुंभीला एक, कासारीला ४, असे. आमच्याकडं नद्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. पडला त्या क्षणी कोणता बंधारा चालू होता? कासारीवरचा पुनाळ-तिरपण. आणि नदीचा नंबर काय दिसत होता? १६३!

कोल्हापूर जिल्ह्यात १६३ व्या नंबरची नदी कुठली? प्रोग्रामने पण तेच केलं. १६३ व्या नदीचं नाव आणायला गेला, तिथं काहीच नव्हतं, आणि पडला.

पण १६३ आला कुठून? तिने वहीवर नाव लिहून अक्षरं मोजायला सुरुवात केली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे यूटीएफ-८ पद्धतीत, तीन बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, उकार पण वेगळे धरायचे. प, उकार, न, काना, ळ झाले पाच. त, वेलांटी, र, प, ण झाले पाच. दहा त्रिक तीस. मधला आखूड डॅश एक बाइट. एकतीस. आणि नाव संपलं हे सांगणारा शून्य एक बाइट. बत्तीस. जुन्या बॅचने नावासाठी जागा ठेवली होती बरोबर ३२ बाइट!

म्हणजे पुनाळ-तिरपण त्या जागेत जेमतेम बसत होतं. एक केसभर इकडं नाही, तिकडं नाही. लांब डॅश मात्र तीन बाइटचा. नाव दोन बाइटने वाढलं आणि कुंपणाबाहेर गेलं. कुंपणाबाहेर लगेच कोण, तर नदीचा नंबर. ‘ण’ चे तीन बाइट म्हणजे २२४, १६४ आणि १६३. त्यातला शेवटचा १६३ नदीच्या जागेवर जाऊन बसला. कासारीच्या ४ वर ‘ण’ चा पाय पडला!

ती वहीकडं बघतच बसली. मग म्हणाली, “सरकारी कोगे मोज.” मोजलं. दहा चिन्हं, एक स्पेस, एकतीस. ते पण काठावर. त्याच्यात डॅश नाही म्हणून वाचलं. खडक कोगेला भरपूर जागा, ठाणे-आळवेला तर लांब डॅश घातला तरी जागा उरते. आख्ख्या यादीत डॅशने मरणारं नाव एकच होतं, आणि ते पत्रकात येण्यासाठी काही महापूर लागत नाही. कासारी फुगली की त्याचा नंबर येतोच. म्हणजे शुक्रवारी त्या दोन टेस्ट बंद करून चढवलं असतं, तर हे नाव असलेल्या पहिल्याच पत्रकाला स्क्रीन काळा झाला असता.

तिच्या लॅपटॉपवर का पडत नव्हतं? तिथंही नंबर १६३ च होत होता. पण त्या मशीनच्या मेमरीत त्या जागी योगायोगाने वाचता येण्यासारखं काहीतरी पडलेलं होतं, प्रोग्रामने तेच नदीचं नाव समजून उचललं. आणि नदीचं नाव बरोबर आहे का, हे आमची एकही टेस्ट तपासत नव्हती. ‘माझ्याकडं चालतंय’ याचा अर्थ एवढाच होता.

मग दोष कुणाचा? डॅशचा तर नाही. डॅशने फक्त आधीपासून असलेली भेग दाखवली. ३२ ठेवणाऱ्यांचा म्हणावा, तर त्यांनी मोजून ठेवलं असेल तर त्यांच्या दिवशी ते बरोबरच होतं. आमच्या सीनियर्सना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही, त्यांचा प्रोग्राम एवढी वर्षं चालला. पण प्रोग्राममध्ये कुठंही लिहिलेलं नव्हतं की बाबांनो, हे ३२ आहे आणि तुमचं सगळ्यात लांब नाव काठावर आहे. एवढी एक ओळ पाहिजे होती.

याच शुक्रवारी आमच्यापेक्षा फार मोठा खेळ जगभर झाला होता, तो आम्हाला भांडणाच्या नादात रात्री कळला. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी माहितीची एक नवीन फाइल पाठवली आणि विंडोजची मशीनं निळी पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख. आपल्याकडच्या विमानतळांवर लोकांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, त्याचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. कंपनीने ऑगस्टमध्ये कारण जाहीर केलं ते वाचून मी उडालोच. फाइलच्या नमुन्यात २१ रकाने, आणि ती वाचणाऱ्या कोडला मिळत होते २०. ही तफावत फेब्रुवारीपासून आत बसून होती. पण एकविसाव्या रकान्यात तोवर ‘काहीही चालेल’ अशीच खूण असायची, म्हणून तिकडं कुणी वळून बघितलं नाही, आणि टेस्टमध्येही तीच खूण होती. १९ जुलैच्या फाइलने पहिल्यांदा एकविसाव्यात खरंच काहीतरी मागितलं. कोड हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला, आणि पडला. आमचं दोन बाइटचं, त्यांचं एका रकान्याचं!

त्यांनीही आधी फाइल मागे घेतली, कारण नंतर शोधलं. आपल्या वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी पाठवलेली फाइल १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली. ७८ मिनिटं. पण तोवर जी मशीनं पडली होती ती आपली आपण उठू शकत नव्हती. माणसाने एकेका मशीनपाशी जाऊन ती फाइल काढायची. मागे घेता येणं ही सोय चढवायच्या आधी जेवढी स्वस्त असते तेवढी नंतर राहत नाही, हे आमच्या मिसळीच्या बिलावरून आणि त्यांच्या बिलावरून कुणीही ताडून बघावं.

सोमवारी आजऱ्याच्या मॅडमने ३२ ची भानगडच काढून टाकली. आता नाव जेवढं लांब तेवढी जागा आपोआप मिळते. नदीचं नाव तपासणाऱ्या टेस्ट आल्या. आणि एक टेस्ट खास आली, तिच्यात मुद्दाम नव्वद बाइटचं नाव दिलंय, असा बंधारा कोल्हापुरातच काय जगात नाही. त्या टेस्टला तिने नाव दिलंय ‘पुनाळ-तिरपण’, आणि वर दोन ओळींत सगळी हकिगत. टेस्ट आता कुणी मनात येईल तेव्हा चालवत नाही. लॅबचं मशीन प्रत्येक कमिटनंतर स्वतःच चालवतं आणि पडलं की चौघांनाही मेसेज टाकतं. गडहिंग्लजकराने ते जोडलं, आणि पहिला मेसेज त्याच्याच कमिटला आला.

मंगळवारी ६१ च्या ६१ पास झाल्यावर तिने तो तेहेतिसावा बदल परत घातला. स्वतःच्या हाताने. त्याच आठवड्यात पंचगंगेने ४३ फूट ओलांडले, मेसेज वेळेवर गेले, स्क्रीनसमोर रात्री अकरापर्यंत गर्दी असायची. रेक्टर सर त्या गर्दीतून वाट काढत पुढं आले, चष्मा सावरून यादी वरून खाली वाचली आणि म्हणाले, “ही नावं आता बरी दिसतात. काय केलंय रे?”

“डॅश लांब केलोय सर,” ती म्हणाली.